नीरेच्या काठची हिरवी बुरशी

ऑगस्ट उलटला की बारामती-इंदापूरच्या उसात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. फडाच्या मध्यावर चार-सहा बेटे पिवळी पडलेली असतात. शेतकऱ्याला आधी वाटते पाणी कमी पडले, मग वाटते खत कमी पडले. शेवटी तो एखाद्या बेटाला हात घालून ओढतो आणि अख्खे बेट सहज वर येते, कारण खाली मुळे उरलेलीच नसतात. माती उकरली की मळकट पांढरी, तांबूस डोक्याची, अंग वळवून पडलेली जाड अळी सापडते. हीच हुमणी. एका बेटाखाली अशा चार-पाच मिळाल्या तर त्या फडाचा हिशेब त्या वर्षापुरता संपल्यातच जमा असतो.

याच मातीत क्वचित वेगळी अळीही सापडते. ती हलत नाही. अंग ताठ झालेले असते, बोटाने दाबले तरी दबत नाही. अंगावर आधी पांढरी बुरशी दिसते आणि काही दिवसांनी त्याच जागी हिरवट भुकटी धरते. बहुतेक शेतकरी ती ‘सडलेली’ समजून बांधावर भिरकावतात. खरे तर ती सडलेली नसते. मेटारायझियम नावाच्या बुरशीने तिला मारलेले असते आणि ती हिरवी भुकटी म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ही बुरशी पिशवीत भरून विकली जाऊ लागली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. तिथवर पोचायला मात्र शंभरएक वर्षे लागली, आणि त्यातली बरीचशी विषाच्या भुकटीत गेली.

सुरुवात कालव्यापासून करावी लागते, कारण कालवा नसता तर इथे ऊस नसता आणि ऊस नसता तर हुमणीला एवढे मोठे माहेर मिळाले नसते. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर नीरेच्या पाण्याला गती आली. १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्यातून पाणी सुटले. भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण पुढच्या काही वर्षांत पूर्ण झाले, आणि १९२८ मध्ये त्याच्याजवळच आजचे मोठे धरण उभे राहिले. पुरंदर, बारामती आणि इंदापूर हे तीन तालुके या शंभर मैलांच्या कालव्यावर आले. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या या जिरायती मुलखात बारमाही पाणी आले ते पहिल्यांदाच.

पाणी आले तसा ऊस आला, आणि उसामागून पाण्याचा हावरटपणाही आला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक अहवाल लिहिला. कालव्याखालच्या जमिनींत पाण्याची पातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार वर येतात आणि चांगली काळी जमीन चोपण होते, हे त्यांनी कालवा सुरू झाल्यापासून जेमतेम पंचवीस वर्षांत नोंदवून ठेवले होते. आज क्षारपड जमिनीवर परिसंवाद होतात तेव्हा हे नवे संकट असल्यासारखे बोलले जाते. ते जुने आहे, आणि बुरशीच्या गोष्टीशीही त्याचा संबंध आहे. जिथे हवा खेळत नाही आणि सेंद्रिय अंश उरत नाही, तिथे उसाची पांढरी मुळी टिकत नाही आणि तिच्याभोवती राहणारी बुरशीही टिकत नाही.

१९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेती आणि साखर कारखाना उभारला. त्या गावाचे नाव पुढे वालचंदनगर झाले. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली आणि माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने एकामागून एक उभे राहिले. कारखान्याची चिमणी दिसेल तिथवर ऊस, असा पट्टा तयार झाला. पैसा आला, शाळा आल्या, दवाखाने आले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण किडीच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट घडली होती. आडसाली ऊस दीड वर्ष जमिनीत उभा, त्यानंतर खोडवा, काही ठिकाणी त्याचाही खोडवा. म्हणजे जमीन तीन-तीन वर्षे नांगराला लागत नाही. हुमणीच्या अळीला उन्हात उघडी पाडणारा आणि बगळ्या-कावळ्यांच्या तोंडी देणारा नांगरच फडातून गेला. तिच्यासाठी याहून सोयीची शेती दुसरी नाही.

हुमणीचे वर्ष वळवाच्या पावसाने सुरू होते. मे-जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की त्याच दिवशी अंधार पडताना जमिनीतून तांबूस-काळसर भुंगेरे बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. रात्रभर पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. मादी जमिनीत अंडी घालते. लहान अळी आधी कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगते आणि मोठी झाली की मुळांकडे वळते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिच्या भुकेचा काळ, आणि नेमक्या त्याच काळात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. आत शिरता येत नाही, सरी दिसत नाही आणि अळी वीतभर खाली असते. तिच्यावर औषध मारायचे तरी कुठून? हुमणीच्या साऱ्या इतिहासात हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

पन्नाशीच्या दशकात त्याचे उत्तर एका पावडरीत सापडले असे वाटले होते. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बीएचसीचा कारखाना सुरू झाला आणि गॅमेक्झिन हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. लागणीच्या वेळी सरीत ही पावडर धुरळायची. ती स्वस्त होती आणि मातीत वर्षानुवर्षे टिकायची, त्यामुळे हुमणीवर परिणामही दिसायचा. टिकणे हाच तिचा गुण होता आणि तोच दोष ठरला. ती चाऱ्यात उतरली, दुधात उतरली. १९९७ मध्ये देशात बीएचसीवर बंदी आली. मग थायमेटचा काळ आला. फोरेट हे त्याचे शास्त्रीय नाव, पण दुकानात जाऊन कोणी फोरेट मागितले नाही. त्या दाणेदार औषधाचा उग्र वास ज्याने एकदा घेतला, तो विसरला नाही. ते हाताने टाकायचे नाही असे पाकिटावर लिहिलेले असे आणि ते हातानेच टाकले जाई. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यात फोरेटची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. ज्या वर्षी हा आदेश निघाला त्याच वर्षी इंदापूर-बारामतीच्या उसात हुमणीने थैमान घातले होते. त्याकडे पुढे वळू.

थोडे मागे आणि थोडे लांब जाऊ, कारण हिरवी बुरशी नीरेकाठी शोधली गेली नाही. बुरशीमुळे कीटक मरतो हे पहिल्यांदा नीट सिद्ध केले इटलीतल्या लोदी गावाजवळच्या आगोस्तिनो बास्सी यांनी, १८३५ मध्ये. रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून मरत होत्या. दोष हवेचा नाही की अन्नाचा नाही, तो एका सजीव बुरशीचा आहे आणि ती एका अळीवरून दुसरीवर जाते, हे त्यांनी दाखवून दिले. रोगजंतू ही कल्पना लुई पाश्चर यांच्या नावावर जमा झाली, पण बास्सी त्यांच्या कितीतरी आधी तिथे पोचले होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ती बुरशी म्हणजे बिव्हेरिया बासियाना, आज आपल्याकडे पांढऱ्या भुकटीच्या पाकिटात मिळते तीच. बारामतीच्या बाजार समितीत रेशीमकोषांचे सौदे होतात आणि आसपास तुतीच्या बागाही वाढल्या आहेत. तुतीच्या बांधाला लागून बिव्हेरिया फवारणाऱ्याने बास्सींची गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. जी बुरशी शेजारच्या पिकातली अळी मारते, ती संगोपनगृहातली रेशमाची अळीही मारते.

हिरव्या बुरशीचा जन्मदाखला ओडेसाचा. काळ्या समुद्राकाठच्या त्या मुलखात १८७८-७९ च्या सुमारास गव्हावर भुंगेऱ्यांचा हल्ला झाला होता. इल्या मेचनिकोव्ह या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला त्यांच्या अळ्यांवर हिरवी बुरशी दिसली. हीच बुरशी वाढवून शेतात सोडली तर, असा विचार त्यांनी केला आणि बिअरसाठी तयार केलेल्या सत्त्वावर ती वाढवून पाहिली. पुढे शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात या शोधासाठी याच मेचनिकोव्हना १९०८ चे नोबेल मिळाले. पण आपल्याशी खरा संबंध येतो तो त्यांच्यानंतर काम केलेल्या क्रासिलश्चिक यांचा. १८८४ मध्ये युक्रेनमधल्या स्मेला गावी त्यांनी या बुरशीच्या बीजाणूंचे उत्पादन सुरू केले आणि ते वापरले बीटच्या शेतात, मुळे खाणाऱ्या सोंड्या भुंगेऱ्यावर. साखरेचेच पीक आणि मुळाशीच बसलेला शत्रू. त्यांच्या प्रयोगात निम्म्याहून जास्त भुंगेरे मेल्याची नोंद आहे. नीरा डाव्या कालव्यात नुकतेच पाणी सुटत होते, तेव्हा साखरेच्या शेतात बुरशी पेरण्याचा उद्योग युक्रेनमध्ये सुरू झाला होता. मधल्या काळात रसायने आली आणि हा धडा जगभर पाठीमागे पडला. ब्राझीलने तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उचलला. तिथल्या उसातल्या फेसाळ किडीवर मेटारायझियम आज लाखो हेक्टरांवर वापरले जाते.

आपल्याकडे डोळे उघडले ते एका वेगळ्याच किडीने. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. ईशान्य भारतात आणि बंगालात आधीपासून असलेला लोकरी मावा महाराष्ट्रात उतरला होता. वर्षभरात तो कोल्हापूर, सातारा, सोलापूर करत नीरेकाठीही आला. पानांखालून रस शोषायचा आणि खालच्या पानांवर चिकट गोड थेंब टाकायचा. त्यावर काळी काजळी चढायची आणि फड जळाल्यासारखा दिसायचा. पावसानेही त्याच काळात दगा दिला होता. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २००२-०३ मध्ये ६२ लाख टनांच्या आसपास होते, पुढच्या वर्षी ते ३२ लाखांवर आले आणि २००४-०५ मध्ये जेमतेम २२ लाखांवर. त्यातला वाटा दुष्काळाचा किती आणि माव्याचा किती, यावर मतभेद असू शकतात. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही एकच होते.

औषधे भरपूर सुचवली गेली. पण बारा फुटी उसात पंप घेऊन शिरणार कोण, आणि पानाच्या खालच्या बाजूला फवारणार कसे? मग लक्षात आले की काही फडांत मावा आपोआप कमी होतो आहे. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा नाजूक पंखांचा कीटक मावा खात होते. त्यांना शेडनेटमध्ये वाढवून फडाफडांत सोडण्याचे काम कारखाने, कृषी विद्यापीठ आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी हाती घेतले. आसामातून एन्कार्सिया ही सूक्ष्म परोपजीवी माशीही आणली गेली. व्हर्टिसिलियम बुरशीच्या फवारण्या झाल्या, पण खरे काम डिफा आणि मायक्रोमसने केले. दोन-तीन वर्षांत मावा आटोक्यात आला आणि पुढे त्याचे नाव फारसे निघाले नाही.

माझ्या मते उसाच्या पट्ट्यातली खरी कलाटणी हीच होती. त्याआधी मित्रकीटक हा शेतकी अधिकाऱ्याच्या भाषणातला शब्द होता. लोकरी माव्यानंतर तो पारावरच्या बोलण्यात आला. ‘डिफा आलाय का तुमच्यात?’ असे एक शेतकरी दुसऱ्याला विचारू लागला. फवारल्याशिवाय कीड जात नाही ही समजूत ढिली झाली, आणि पुढे बुरशीच्या पिशव्या खपल्या त्या या ढिल्या झालेल्या समजुतीमुळे.

पिशव्या तयार होतात त्या जागा पाहण्यासारख्या असतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, माळेगावजवळ शारदानगरला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी विज्ञान केंद्र, काही कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा; पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच. तांदळाची कणी भिजवून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरतात आणि वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. थंड झाल्यावर त्यात बुरशीचे विरजण सोडतात आणि पिशव्या रॅकवर मांडून ठेवतात. तीन-चार दिवसांत कणीवर पांढरी जाळी धरते. मेटारायझियम असेल तर दोन आठवड्यांत ती जाळी शेवाळी हिरवी होते. पिशवी हलवली की आत हिरवा धूर उठल्यासारखा दिसतो. वाळवून, चाळून ती भुकटीत मिसळली की माल तयार. सरकारी निकषाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत बीजाणू हवेत. १९९९ पासून ही जैविके कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत आहेत आणि नोंदणीशिवाय विकता येत नाहीत. तरी एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेल्या पिशवीत त्यातले किती जिवंत राहतात, हे ना दुकानदार तपासतो ना घेणारा. बुरशीने काम केले नाही अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा बुरशी आधीच मेलेली असते.

२०१८ मध्ये पावसाने ऑगस्टनंतर ओढ दिली आणि हुमणीला मोकळे रान मिळाले. इंदापूर, बारामती, दौंड, सोलापूर आणि नगरकडचा ऊस पिवळा पडला. फडाचे फड नांगरून टाकायची पाळी काहींवर आली. त्या ऑक्टोबरात देशातल्या साखर कारखान्यांच्या ‘इस्मा’ या संघटनेने हंगामाचा अंदाज ३५० लाख टनांवरून ३१५ लाखांवर आणला आणि कारणांत महाराष्ट्रातल्या हुमणीचे नाव घेतले. मातीतल्या अळीचा उल्लेख देशाच्या साखरेच्या ताळेबंदात क्वचितच येतो. शेवटी हंगाम ३३० लाखांच्या वर गेला आणि अंदाज चुकला, हेही सांगायला हवे. पण ज्याच्या बेटाखाली मुळे नव्हती त्याला सरासरीने काही दिलासा मिळाला नाही.

त्यानंतर हुमणीसाठी बुरशीची मागणी वाढली. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ‘बीव्हीएम’, म्हणजे बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम आणि मेटारायझियम यांचे मिश्रण, या पट्ट्यात ओळखीचे झाले. हेक्टरी २० किलो मेटारायझियम शेणखतात मिसळून सरीत द्या, ही विद्यापीठाची शिफारसही कानावर पडू लागली. मात्र बहुतेकांनी ही बुरशी थायमेटच्या जागी बसवली. कीड दिसली की टाकायची आणि आठ दिवसांत निकाल मागायचा. बुरशीचा स्वभाव तसा नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी विरघळवणारी पाचक द्रव्ये सोडून आत शिरतो आणि रक्तात वाढत राहतो. अळी मरायला एक-दोन आठवडे लागतात आणि मोठी अळी त्याहून चिवट असते. सप्टेंबरात तिसऱ्या अवस्थेतल्या अळीवर बुरशी टाकणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर केलेला उपाय.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्राने एक गोष्ट दाखवली आहे, आणि ती या साऱ्या वापराचा पायाच बदलते. या बुरशी नुसत्या कीटकांवर जगत नाहीत, त्या वनस्पतीत राहतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बिंग आणि लुईस या संशोधकांनी मक्याच्या पोंग्यात बिव्हेरियाचे दाणे टाकले. पुढे तीच बुरशी मक्याच्या दांड्याच्या आतल्या गाभ्यात सापडली आणि अशा ताटांत खोडकिडीने पाडलेली भुयारे कमी होती. मग शोध सुरू झाला. युगांडात केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांत बिव्हेरिया घालून सोंडकिडीवर काम झाले; इंदापूरच्या केळीवाल्यांना यात रस वाटायला हरकत नाही. आफ्रिकेतल्या मलावीत, हुमणीचाच त्रास असलेल्या मुलखात, ऊसही बिव्हेरियाला आत राहू देतो असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. वनस्पतीच्या आत राहिलेली बुरशी अळीवर पांढरी जाळी धरत नाही, हे मात्र समजून घ्यायला हवे. अळी पान खाते, पण वाढत नाही, उशिरा कोषात जाते किंवा कमी अंडी घालते. यात झाडाच्या स्वतःच्या बचावाचाही वाटा असतो. म्हणून असा परिणाम नजरेला दिसत नाही, तो मोजावा लागतो.

मेटारायझियमची गोष्ट याहून नवलाची आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगात कोबीच्या शेतात सोडलेली ही बुरशी मोकळ्या मातीत झपाट्याने कमी झाली, पण मुळांच्या अगदी लगतच्या मातीत महिनोन्‌महिने टिकून राहिली. म्हणजे तिचे खरे घर मूळ. मग २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात मायकेल बिडोचका यांच्या गटाने एक सुबक प्रयोग केला. नत्राच्या एका ओळखता येणाऱ्या प्रकाराने खूण केलेल्या अळ्या मातीत ठेवल्या आणि झाडाची मुळे आणि त्या अळ्या यांच्यामध्ये इतकी बारीक जाळी लावली की मूळ पलीकडे जाऊ शकणार नाही, बुरशीचा तंतू मात्र जाऊ शकेल. दोन आठवड्यांत अळीच्या अंगातले नत्र घेवड्याच्या आणि गवताच्या पानांत सापडले. बुरशी अळी मारते, तिच्यातले नत्र मुळाला देते, आणि पुढच्या प्रयोगांनी दाखवले की बदल्यात झाडाकडून साखर घेते. हे कूळ जमीन नुसती कसत नाही, खंडही इमानाने भरते.

हे वाचून आपल्याकडचा ऊस उत्पादक चकित होईल असे मला वाटत नाही. बेणे बुडवताना ॲसेटोबॅक्टर वापरणारे हजारो शेतकरी या पट्ट्यात आहेत. उसाच्या आत राहून हवेतले नत्र धरणारा हा जिवाणू ब्राझीलमध्ये १९८८ साली ओळखला गेला. १० किलो संवर्धन १०० लिटर पाण्यात, टिपरी अर्धा तास भिजवायची, हे शिफारसपत्रक इथे पाठ आहे. पिकाच्या पोटात कोणी राहते आणि फायदा करते, ही कल्पना इथे रुळलेली आहे. बुरशीला तशीच जागा अजून मिळालेली नाही, कारण ती औषधाच्या दुकानातून आली. शिवाय एक अडचण बेणेप्रक्रियेतच दडलेली आहे. काणी आणि कूज टाळण्यासाठी आपण टिपरी आधी कार्बेन्डाझिममध्ये बुडवतो. हे बुरशीनाशक चांगली आणि वाईट बुरशी असा भेद करत नाही. त्यामुळे रासायनिक प्रक्रिया आणि बुरशी एकाच बादलीत कालवणे म्हणजे दोन्हींचा पैसा पाण्यात.

आतली बुरशी नेहमीच सज्जन असते असेही नाही, आणि दूधधंद्याच्या या मुलखात ते सांगणे भाग आहे. अमेरिकेत ‘केंटकी ३१’ नावाचे टॉल फेस्क्यू गवत चाळिशीच्या दशकापासून लाखो एकरांवर लावले गेले. हिरवेगार, काटक, कीड न लागणारे. पण ते खाणाऱ्या गाई उन्हाळ्यात धापा टाकू लागल्या, दूध आटले, हिवाळ्यात खुरे गळाली. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले: गवताच्या आत राहणारी एक बुरशी. न्यूझीलंडमध्ये तसाच प्रकार राय गवतात मेंढ्यांना बाधत होता. तिथल्या संशोधकांनी बुरशी काढून टाकली तर भुंगेऱ्यांनी गवतच संपवले. शेवटी त्यांनी कीड रोखणारी पण जनावरांना न बाधणारी बुरशी निवडून गवतात घातली. या गवतातल्या बुरशी आणि आपली मेटारायझियम-बिव्हेरिया यांचे कूळ जवळचे असले तरी वागणे वेगळे आहे. चाऱ्यात नवी आतली बुरशी घालण्याआधी मात्र जनावराची चाचणी हवीच, एवढा धडा त्यातून घ्यावा.

मका इथे आला तो दुधामुळे. मुरघासाच्या बॅगा आणि खड्डे आता बारामती-इंदापुरात गावोगाव दिसतात. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्यात अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रात आली. पोंग्यात बसून ती लाकडाच्या भुशासारखी विष्ठा टाकते आणि पानांना ओळीने भोके पाडते. चाऱ्याच्या मक्यावर विषारी औषध मारायचे आणि महिन्याने तोच गाईपुढे टाकायचा, हे अनेकांना पटेना. त्यातच पावसाळी दमट दिवसांत काही शेतांतल्या अळ्या पानाला चिकटून पांढऱ्या आणि मग फिक्या हिरव्या होऊन मेलेल्या दिसल्या. ही मेटारायझियम रिलेयी, पूर्वी नोमुरिया म्हणून ओळखली जाणारी बुरशी. कोणी फवारली नव्हती, ती आपोआप आली होती. आज मक्यासाठी तिची फवारणीची शिफारस आहे. पोंग्यात, संध्याकाळच्या वेळी, कारण कडक ऊन बीजाणू मारते.

हा सगळा इतिहास शेतात उतरवायचा तर त्यासाठी फार मोठे तंत्र लागत नाही. ऊस तुटल्यावर पाचट जाळू नका. त्या जाळात मातीच्या वरच्या थरातली ओल जाते आणि बुरशी ज्यावर तग धरते तो सेंद्रिय अंशही जातो. मेटारायझियम शेणखतात मुरवून जून-जुलैत, ओल असताना, मुळांजवळ द्या. सप्टेंबरात पिवळे बेट दिसल्यावर धावू नका. पिशवी घेताना उत्पादनाची तारीख बघा आणि सावलीत ठेवलेलाच माल घ्या. वळवाच्या पावसानंतरच्या पहिल्या काही रात्री बांधावरची बाभळ आणि कडुनिंब झोडून भुंगेरे गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका, आणि हे एकट्याने नव्हे तर गावाने मिळून करा, कारण भुंगेरा सातबारा पाहत नाही. आणि पुढच्या खेपेला सरी उकरताना ताठ झालेली, हिरव्या भुकटीची अळी सापडली तर ती बांधावर फेकू नका. कागदाच्या पाकिटात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्या. प्रयोगशाळेत वाढवायच्या बुरशीचे वाण अशाच मेलेल्या अळ्यांवरून वेगळे काढतात, आणि तुमच्या मातीत तग धरून राहिलेला वाण तुमच्याच मातीत मिळणार.